दुसरी साक्षीदार

रावेरच्या ख्रिस्ती मंडळीत सुगंधाबाईला सगळे अक्का म्हणत. अक्का ही मंडळीची बायबलबाई. बायबलबाईचं काम म्हणजे केळीच्या वखारीत, स्टेशनच्या मालधक्क्यावर, खेड्यांतल्या ओट्यांवर, जिथे जिथे बायका घटकाभर टेकतात तिथे जाऊन बसायचं. त्यांची दुखणीखुपणी ऐकायची, प्रभूची गोष्ट सांगायची, आजारी लेकरू असेल तर त्याच्यासाठी प्रार्थना करायची. एकटीनं जायचं नाही, जोडीनं जायचं, हा मिशनच्या काळापासूनचा शिरस्ता. प्रभूनंही आपल्या शिष्यांना दोघादोघांनीच धाडलं होतं, असं अक्का सांगे.

तिची पहिली जोडीदारीण भिकुबाई. भिकुबाईचं सगळं आयुष्य मान डोलावण्यात गेलं. अक्का बोले आणि भिकुबाई पिशवी मांडीवर घेऊन मान डोलावे. पुढे तिच्या डोळ्यांना दिसेना झालं तेव्हा मुलगा येऊन तिला चाळीसगावला घेऊन गेला. निरोपाच्या दिवशी अक्का रडली आणि मनातून हेही जाणून होती की अशी जोडीदारीण पुन्हा मिळायची नाही.

मग धुळ्याहून लिलाबाई आली. एकोणनव्वद सालचा पावसाळा नुकताच सरला होता. लिलाबाई मूळची साक्रीकडची; नवऱ्यानं टाकलेली, वयानं तिशीची, अंगानं किडकिडीत. धुळ्यात एका दवाखान्यात स्वयंपाकाला होती. तिथल्या पाळकांनी तिची भक्ती पाहून तिला या कामाला लावलं होतं. आल्या दिवशी ती अक्काच्या पाया पडली आणि म्हणाली, "अक्का, माले काय येत नई. तुम्ही सांगश्यात तसं मी करसू."

अक्काला बरं वाटलं. तिनं तिला घरातली पलीकडची खोली दिली, भाकरीला पीठ दिलं, कुठल्या वखारीचा मुकादम बायांना बसू देतो आणि कुठला हाकलतो ते सांगितलं. "सुरुवातीला तू नुसती ऐक," ती म्हणाली. "बोलायला घाई नाही."

लिलाबाई महिनाभर ऐकत राहिली. मग एकदा मालधक्क्यावर, केळीचे घड पाल्यात गुंडाळून वॅगनमध्ये रचणाऱ्या बायका दुपारची भाकरी खायला बसल्या होत्या. अक्का उधळ्या मुलाची गोष्ट सांगत होती. अक्का शुद्ध बोलायची. बोर्डिंगच्या शाळेत शिकलेली होती. गोष्ट संपली, बायांनी भाकरीचे तुकडे झटकले आणि उठायला लागल्या. तेवढ्यात लिलाबाईनं त्याच गोष्टीचं गाणं म्हटलं. अहिराणीत, जात्यावरच्या चालीवर, आपलं आपण जोडलेलं. पोरगं डुकरांच्या मागे हिंडतंय आणि बाप रस्त्याकडे डोळे लावून बसलाय. उठलेल्या बाया पुन्हा खाली बसल्या. एका म्हातारीनं पदर डोळ्यांना लावला. तिचा मुलगा सुरतेला गेला होता तो परत आला नव्हता.

रावेरकडची बोली वेगळी, अहिराणी तिथे पाहुणी. पण त्या पाहुणेपणाचंच बायांना कौतुक. दुसऱ्या दिवसापासून अक्का एकटी दिसली की पहिला प्रश्न यायचा, "लिलाबाई कुठे?"

अक्का हसून सांगायची, "येते ना, मागून येते." आणि पाठ फिरली की तिच्या छातीत काहीतरी करपल्यासारखं व्हायचं.

तिला ते सुरुवातीला कळलंच नाही. मंडळीत चहा आला की पहिला कप लिलाबाईच्या हातात जातो, हे तिच्या डोळ्यांना आधी कधी दिसलं नसतं. आता रोज दिसू लागलं. एका बाईनं वांग्याच्या भरताची वाटी आणली, "लिलाबाईला द्या" म्हणून अक्काच्याच हातात ठेवली. अक्कानं ती दिली. सगळी दिली, चिमूटभर चाखलीसुद्धा नाही, आणि रात्रीच्या प्रार्थनेत देवाला सांगितलं की मी दिली. लिलाबाईनं मात्र अर्धं भरीत तिच्या ताटात वाढलं होतं. तेही तिला खुपलं. तिच्या वस्तूतून आपल्याला वाटा मिळतो, म्हणजे ती देणारी आणि आपण घेणारी.

लिलाबाईच्या वागण्यात बोट ठेवायला जागा नव्हती, हेच अवघड होतं. ती उर्मट असती, आळशी असती, खोटं बोलणारी असती तर अक्कानं पाळकांना सांगून तिला केव्हाच धुळ्याला परत पाठवली असती. ती अक्काच्या आधी उठून पाणी भरायची. कुणी गाण्याची स्तुती केली तर म्हणायची, "अक्कानी गोष्ट सांगी म्हनीसन मी गानं म्हनं." अक्काला वाटे, हेही हिला बरोबर सुचतं.

एक्याण्णव सालच्या जानेवारीत आखाती लढाई सुरू झाली. रेडिओवर बगदादचं नाव रोज यायला लागलं. मंडळीतली माणसं बातम्या ऐकून पवित्र शास्त्र उघडायची आणि शास्त्र वाचून पुन्हा बातम्या लावायची. हा शेवटचा काळ असेल का, अशी चर्चा चहाच्या टपरीवरसुद्धा चालायची. पाळक चुडामण तायडे मवाळ गृहस्थ होते. लोकांची भीती पाहून त्यांनी नवापूरकडचे प्रवचनकार वना पाडवी यांना तीन दिवसांच्या सभांना बोलावलं. वनाभाऊ म्हणजे उंच, काळासावळा, हळू आवाजात बोलणारा माणूस. ओरडत नसे, म्हणून लोक कान देऊन ऐकत.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सभेत त्यांनी बायबलच्या शेवटच्या, प्रकटीकरणाच्या पुस्तकातला दोन साक्षीदारांचा भाग घेतला.

"शेवटच्या दिवसांत देव दोन साक्षीदार उभे करील," ते म्हणाले. "ते गोणपाट नेसलेले असतील. त्यांच्या अंगावर चांगलं कापड नाही, पण त्यांच्या तोंडात देवाचं वचन आहे. दोन जैतुनाची झाडं, दोन समया, असं त्यांना म्हटलंय. ते बोलतील तोवर त्यांच्या केसालाही कुणी धक्का लावू शकणार नाही. पण त्यांची साक्ष पुरी झाली की खोल कुंडातून श्वापद वर येईल आणि त्यांना मारून टाकील. त्यांची प्रेतं शहराच्या रस्त्यात पडून राहतील. त्यांना कुणी पुरणार नाही. लोक सण करतील, एकमेकांना भेटी पाठवतील, की बरं झालं, सुटलो. आणि साडेतीन दिवसांनी देवाचा श्वास त्यांच्यात शिरेल. ते आपल्या पायांवर उभे राहतील."



"ते दोघे कोण?" वनाभाऊंनीच विचारलं. "कुणी म्हणतं मोशे आणि एलीया, कारण एकानं पाण्याचं रक्त केलं आणि दुसऱ्यानं पाऊस अडवला. कुणी म्हणतं हनोख आणि एलीया, कारण त्या दोघांना मरण आलंच नव्हतं. कुणी म्हणतं, तसं नाही, ती सगळी मंडळीच आहे. मला ठाऊक नाही. पण ते कसे दिसत असतील, असा विचार केला की मला राजेमहाराजे दिसत नाहीत. काल मी तुमच्या मालधक्क्यावर गेलो होतो. तिथे ही बहीण गात होती." त्यांनी बायांच्या बाजूला हात केला. "लिलाबाई, उभी राहा, बाई. मला वाटतं ते असे दिसत असतील."

लिलाबाई लाजून अर्धवट उभी राहिली. लोकांनी 'हालेलुया' म्हटलं.

अक्का तिच्या शेजारीच बसली होती. साक्षीदार दोन, हे तिनं आत्ताच ऐकलं होतं. तिनं पदर सारखा केला, एक पाय मोकळा करून घेतला, आणि ती वाट पाहू लागली. वनाभाऊंनी पुढचं वचन काढलं. लिलाबाई खाली बसली. अक्कानं पाय परत मुडपून घेतला.

सभा सुटल्यावर ती त्यांना गाठून म्हणाली, "भाऊ, साक्षीदार दोघं असतात ना?"

"दोघं, अक्का. नाव मात्र एकाचंही दिलेलं नाही."

"तुम्ही तर आज एक नाव घेतलं."

"घेतलं खरं," वनाभाऊ म्हणाले. "चुकलंच असेल." आणि तेवढ्यात कुणीतरी त्यांना जेवायला घेऊन गेलं.

त्यानंतर मंडळीतली पोरंसोरं लिलाबाईला 'साक्षीदारबाई' म्हणू लागली. थोडं थट्टेनं, थोडं खरंच. अक्का घरी तोच अध्याय उघडून बसू लागली. वाचता वाचता तिला ते सगळंच हवंसं वाटायचं. गोणपाट हवं, लोकांचा द्वेष हवा, रस्त्यात पडून राहणंही हवं. एकदा तर तिनं डोळे मिटून ते चित्र पाहिलं. रस्त्यात दोघी मरून पडल्यात, लोक जमलेत. आणि सगळे लिलाबाईच्या बाजूला उभे आहेत. अक्कानं शास्त्र मिटलं. आपण मेल्यावरसुद्धा हिच्याशी हिशेब करतोय, हे कळून तिला स्वतःची लाज वाटली. लाज वाटली तरी ते गेलं नाही.

पालच्या रस्त्याला सातपुड्याच्या पायथ्याशी निंबपाट नावाचं गाव होतं. तिथे प्रमिलाबाई म्हणून एक तरुण बाई होती. तिची तान्ही मुलगी तापानं फणफणली असताना या दोघी तिच्या ओट्यावर गेल्या होत्या. लिलाबाईनं मुलीला मांडीवर घेऊन गाणं म्हटलं, प्रार्थना केली. ताप उतरला. उतरायचाच असेल, किंवा प्रार्थनेनं उतरला असेल. प्रमिलाबाईनं मात्र मुलीच्या गळ्यातला भगतानं बांधलेला दोरा आपल्या हातानं तोडून टाकला. तो भगत तिच्या दिरानं दूरवरून, हातापाया पडून आणला होता. दोन दिवस त्यानं भगताच्या दारात बसून काढले होते. पुतणीवर त्याचा जीव होता. तोडलेला दोरा उकिरड्यावर पाहून त्याच्या मस्तकात आग गेली.

एका गुरुवारी वखारीत निंबपाटची तानुबाई अक्काजवळ आली. केळीच्या फण्या निवडता निवडता, मान वर न करता म्हणाली, "सुगंधाबाई, प्रमिलाचा निरोप हाये. सोमवारच्या बाजाराले गावात येऊ नका. तिचा दीर चिडेल हाये. त्या गाणाऱ्या बाईले सोडत नाही म्हणतो."

"गाणाऱ्या बाईला?" अक्कानं विचारलं.

"हो. तिलेच. दोघीतली कोण ते त्याले माहीत नाही, पण गाणारी असं म्हणतो."

अक्का घरी आली. लिलाबाई चुलीपुढे ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापत होती. निरोप जिभेवर आला होता. अक्का पाटावर बसली, पाणी प्यायली. बघू तरी, तिच्या मनात आलं. सगळे साक्षीदार म्हणतात हिला. अंगावर आल्यावर ही काय करते ते बघू. पळेल. रडेल. एकदा लोकांना दिसू दे.

"काय म्हने तानुबाई?" लिलाबाईनं विचारलं.

"काही नाही," अक्का म्हणाली.

सोमवारी दोघी एस.टी.नं निंबपाटला उतरल्या. बाजार भरला होता. चिंचेच्या झाडाखाली भाजीवाल्या बसल्या होत्या, मिरच्यांचा ठसका हवेत होता. अक्काचे पाय जड झाले. एकदा तिला वाटलं, आत्ता सांगावं, परत फिरावं. परतीची गाडी अजून उभी होती. पण लिलाबाई पुढे निघालीसुद्धा होती आणि दोन भाजीवाल्यांनी तिला ओळखून हाक मारली होती. अक्काला कुणी हाक मारली नाही. ती गप्प मागून चालू लागली.

पाराजवळ पाचसहा माणसं वाट अडवून उभी राहिली. मधला प्रमिलाबाईचा दीर. ट्रॅक्टर चालवायचा, हात कोपरापर्यंत काळे, आणि त्या हातात वंगणाचा डबा.

"दोघीतली गाणारी कोण?" त्यानं विचारलं.

बाजार शांत झाला. भाजीवाल्यांनी तागडी खाली ठेवली. अक्कानं शेजारी पाहिलं. लिलाबाईचा चेहरा पांढरा पडला होता. पण पाय मागे गेले नव्हते. ती तोंड उघडत होती. आणि अक्काला त्या एका क्षणात पुढचं सगळं दिसलं. ही 'मी' म्हणेल. हिच्या तोंडाला काळं फासतील. रविवारी पाळक ते मंडळीत सांगतील, बाया रडतील, वनाभाऊ नवापूरहून येतील. आणि आपण? आपण तिच्या शेजारी स्वच्छ तोंडानं उभ्या होतो, असं लोक म्हणतील. तेही म्हणणार नाहीत.

"मी," अक्का म्हणाली. "मी गाणारी."

दिरानं तिच्याकडे पाहिलं. बाई पन्नाशीची, केस पिकलेले. तो क्षणभर घुटमळला. मग मागून कुणीतरी ढोसलं, आणि त्यानं डब्यात हात घालून वंगण तिच्या तोंडावर फासलं. कपाळ, गाल, तोंड, मान. ते थंड होतं आणि त्याला जळक्या डिझेलचा वास होता. कुणीतरी तिची पिशवी ओढून भिरकावली. पुस्तकं मातीत पडली. अक्का डोळे मिटून उभी होती. भीती होतीच, पण तिच्या आत त्याहून मोठं काहीतरी ताठ उभं राहिलं होतं. हे माझं, असं तिला वाटत होतं. हे तरी माझं.

"तिले सोडा!" लिलाबाईचा आवाज आला. "ती नई शे. गानारी मी शे! मन्हा तोंडले लावा!"

अक्कानं डोळे उघडले. लिलाबाई मध्ये घुसली होती, दिराचा हात धरून स्वतःकडे ओढत होती. आणि अक्काला काय वाटलं? कृतज्ञता नाही, दया नाही. संताप वाटला. एवढं एकसुद्धा हिला माझं राहू देववलं नाही.

दोघींना पाराखाली बसवून ठेवलं. लिलाबाईच्या तोंडालाही तेच लागलं. पोरं भोवती नाचली. ज्यांनी हे केलं त्यांतल्या एकानं भज्यांचा पुडा आणला, सगळ्यांनी तो हसत हसत खाल्ला. दीर मात्र खात नव्हता. डबा हातात घेऊन उभा होता, आणि आता पुढे काय करायचं हे त्याला कळत नव्हतं. शेवटी तो कुणाशी न बोलता निघून गेला. तो गेल्यावर बाकीच्यांचाही जोर ओसरला. बाजार पुन्हा बोलू लागला.

लिलाबाईनं तिच्याकडे पाहिलं आणि तिला हसू फुटलं. "अक्का, तुमना नुसता डोयाच दखातस वं!"

अक्का हसली नाही.

थोड्या वेळानं प्रमिलाबाई आली. कडेवर मुलगी, हातात रॉकेलची वाटी आणि जुन्या लुगड्याच्या चिंध्या. घरून ती गुपचूप आली होती, हे तिच्या सारखं मागे वळून पाहण्यावरून कळत होतं. ती दोघींना हापशाकडे घेऊन गेली. आरसा नव्हता, म्हणून लिलाबाई अक्काचं तोंड पुसू लागली, आणि अक्का लिलाबाईचं. रॉकेलनं डोळे चुरचुरत होते.

"माफ करा बाई," प्रमिलाबाई हापसा मारता मारता म्हणाली. "मी निरोप धाडला होता. तानुबाईजवळ सांगितलं होतं, येऊ नका म्हणून. तिनं सांगितलं नाही का?"

लिलाबाईचा हात अक्काच्या गालावर थांबला. अक्कानं खाली पाहिलं. मग लिलाबाई पुन्हा पुसू लागली. पण आता चिंधी जोरात घासत होती, कातडी लाल होईपर्यंत.

परतीच्या गाडीत दोघी एका बाकावर बसल्या. गाडी पहिलं वळण घेऊन खाली उतरली तेव्हा लिलाबाईनं विचारलं, "अक्का, निरोप तुमले भेटना व्हता?"

"हो."

"मंग माले काबर नई सांगा?"

अक्काला खोटं बोलता आलं असतं. विसरले म्हणता आलं असतं. पण तोंड अजून जळत होतं आणि तिला फार थकवा आला होता. "तू काय करतेस ते पाहायचं होतं," ती म्हणाली.

"आनि तठे 'मी' असं काबर म्हनं?"

"तेही तुझ्याच वाट्याला जाऊ नये म्हणून."

लिलाबाईला ते लगेच समजलं नाही. समजलं तेव्हा तिचे डोळे भरून आले. "तुम्ही मनी माय शेतस असं माले वाटे," ती म्हणाली. मग उठली आणि पुढे जाऊन दुसऱ्या बाकावर, एका अनोळखी बाईशेजारी बसली. रावेर येईपर्यंत तिनं मागे वळून पाहिलं नाही.

रविवारी पाळकांनी मंडळीत सगळं सांगितलं. निंबपाटहून बातमी आधीच आली होती. अक्कानं जोडीदारणीला वाचवायला 'मी' म्हटलं, आपल्या तोंडाला काळं फासून घेतलं, असं ते म्हणाले. बाया येऊन अक्काच्या गळ्यात पडल्या. चहाचा पहिला कप तिच्या हातात आला. भरताची वाटी तिच्या घरी आली. जे जे तिला दीड वर्ष हवं होतं ते सगळं एका सकाळी आलं. आणि कोपऱ्यात लिलाबाई बसली होती, गप्प. एका शब्दानं ती हे सगळं मोडू शकत होती. तिनं मोडलं नाही. अक्काला वाटलं, उभी राहून बोलली असती तर बरं झालं असतं. गप्प बसण्यातही ती आपल्यापेक्षा वर गेली. हेवा जाईल असं वाटलं होतं, तो जागचा हलला नव्हता; उलट आता त्याला भीतीही चिकटली होती.

त्यानंतर कित्येक आठवडे दोघी वेगवेगळ्या जात होत्या. शिरस्ता मोडला म्हणून पाळकांनी विचारलं, तर लिलाबाई म्हणाली, पाय दुखतो. अक्का म्हणाली, तिचा पाय दुखतो. घरात चुली वेगळ्या झाल्या. पलीकडच्या खोलीतून गुणगुणणं ऐकू येई आणि अक्का आली की थांबे. अक्काला वाटलं नव्हतं इतकं ते थांबणं तिला लागलं. ते गाणं नको असायचं आणि आता त्याच्यासाठीच ती भिंतीला कान लावून बसायची.

एप्रिलात धुळ्याहून बोलावणं आलं. शाळेच्या मैदानावर खानदेशातल्या मंडळ्यांचा मेळावा होता. वनाभाऊंनी निरोप दिला होता की निंबपाटच्या दोघी बहिणींनी येऊन साक्ष द्यावी. पाळक ते सांगून गेल्यावर अक्का दारात बसून राहिली. बऱ्याच वेळानं लिलाबाई आपल्या खोलीतून आली आणि उंबऱ्यापाशी उभी राहिली.

"तू जा," अक्का म्हणाली. "मी येत नाही. तुझं तू सांग. सगळं सांग."

"मी एकली जावाव नई."

"का?"

"त्यासनी दोन्हीसले बलायेल शे." ती थोडा वेळ पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिली. "अक्का, मना राग गया नई अजून. जाई का नई माले माहीत नई. पन तुमना बिगर जाई पाहं मी इतला दिवस. बाया गानं ऐकतस आनि मंग इचारतस, आते पुढे काय? माले पुढलं सांगता येत नई. तुम्हीच सांगतस ते." मग मान वर करून म्हणाली, "मी गासू. तुम्ही सांगा. पन खोटं सांगानं नई."

धुळ्याच्या मंडपात माणसं दाटीवाटीनं बसली होती. आधी वनाभाऊ बोलले. या वेळी त्यांनी कुणाचं नाव घेतलं नाही. "रावेरच्या बायबलबाया," एवढंच म्हणाले. अक्का माइकपुढे उभी राहिली. तिनं बाजाराचं सांगितलं, डब्याचं सांगितलं, पोरं नाचली ते सांगितलं. दिराचंही सांगितलं, की त्याचं पुतणीवर प्रेम होतं आणि भगताच्या दारात तो दोन दिवस बसला होता. ते आम्हाला मागाहून कळलं, आधी आम्ही त्याला विचारलंच नव्हतं. मंडप ऐकत होता.

"मग त्यानं विचारलं, गाणारी कोण. मी म्हटलं, मी."

लोकांमधून हुंकार उठला. कुणीतरी 'हालेलुया' म्हटलं. पुढचं वाक्य सगळ्यांना ठाऊक होतं. पाळकांनी ते रावेरमध्ये सांगितलं होतं, तेच इथवर पोचलं होतं. अक्कानं ते नुसतं म्हणायचं होतं. तिनं लिलाबाईकडे पाहिलं. लिलाबाई मांडीतल्या हातांकडे बघत होती.

"का म्हटलं ते या बाईला माहीत आहे," अक्का म्हणाली. "लोक सांगतात त्यासाठी नाही म्हटलं. ते कारण चांगलं नव्हतं. तुम्हाला उघडून सांगायची माझ्यात हिंमत नाही. पण त्याचं कौतुक करू नका. गाणारी ही आहे, आणि हिनं जे म्हटलं ते खरं म्हटलं."

मंडपात कुजबुज झाली. पाळक तायडे गोंधळून वनाभाऊंकडे बघू लागले. अक्का माइकचा दांडा धरून उभी राहिली. तेव्हा लिलाबाई जागची उठली, तिच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि पेटीवाल्यानं सूर द्यायच्या आधीच गायला लागली. सूर जरा वर लागला होता. तिनं तो तसाच पुढे नेला.

सभा सुटली. बायांचा घोळका लिलाबाईभोवती जमला. साक्रीकडच्या बाया होत्या, तिच्या बोलीतल्या. कुणी तिचा हात धरत होती, कुणी पुन्हा गा म्हणत होती. अक्का मंडपाच्या खांबाशी एकटी उभी होती. एक म्हातारी तिच्याजवळून गेली, थांबली आणि म्हणाली, "ती गानारी बाई तुमना संगे शे का? काय गोड गया शे वं तिना!"

"हो," अक्का म्हणाली. "माझ्यासंगेच आहे."

छातीत करपलंच. तिनं ते करपू दिलं. मग घोळक्याकडे पाहून तिनं हाक मारली, "लिले, चल, जळगावची गाडी सुटेल!"

इतक्या दिवसांत तिनं तिला नावानं हाक मारली नव्हती. लिलाबाईनं बायांच्या डोक्यांवरून टाचा उंचावून पाहिलं. "उनू, अक्का!" ती ओरडली, आणि हात सोडवत सोडवत गर्दीतून बाहेर येऊ लागली.